सरकारी तळघरातले गाणे

१९८१ सालच्या मार्च महिन्याच्या ७ तारखेस लेनिनग्राड शहरातील रुबिनस्टाइन मार्गावर, १३ क्रमांकाच्या इमारतीत, कामगार संघटनांच्या वतीने हौशी कलावंतांसाठी चालविल्या जाणाऱ्या एका संस्थेच्या लहानशा सभागृहात चार वाद्यवृंदांचा जलसा झाला. ‘पिकनिक’, ‘रोस्सियाने’, ‘मिफी’ आणि ‘झेर्कालो’ ही त्या वृंदांची नावे. जलसा म्हणून त्याची नोंद घ्यावी असे फारसे काही त्यात घडले नाही. नोंद घ्यावयाची ती एवढ्याचसाठी की, ज्या संगीताला पक्षाची वृत्तपत्रे भांडवलशाही जगाकडून आलेला संसर्ग मानीत होती, ज्याच्या तबकड्या काढण्यास सरकारी कारखाना राजी नव्हता आणि ज्याच्या मैफली पैसे घेऊन भरविल्याबद्दल माणसे कोठडीत जात होती, त्या संगीताला त्या संध्याकाळी त्याच सरकारच्या छपराखाली नियमावली, सभासदत्व, कार्यकारी मंडळ आणि देखरेख यांसह रीतसर जागा मिळाली. पुढे जगभर नाव झालेला लेनिनग्राड रॉक क्लब तो हाच.

हा क्लब कोणाच्या कल्पनेतून निघाला याविषयी दोन पक्ष आहेत. वादकांच्या बाजूने पाहिले तर वारंवार अर्ज करून आणि वारंवार नकार पचवून अखेर पदरात पडलेले ते यश होते. सरकारी बाजूने पाहिले तर, केजीबीच्या लेनिनग्राड शाखेत त्या काळी वरिष्ठ हुद्द्यावर असलेले ओलेग कालुगिन यांनी पुढे उघडपणे सांगितल्याप्रमाणे, तो त्या खात्याने स्वतःच्या सोयीसाठी केलेला बंदोबस्त होता. शहरभर विखुरलेल्या तरुणांच्या मागे हेर लावीत बसण्यापेक्षा ते सारे आपण होऊन एका दालनात जमले, त्यांनी आपली नावे नोंदवहीत लिहिली आणि आपण काय गाणार हे आधी कळविले, तर हेरांचे श्रम वाचतात, हा हिशेब कोणत्याही कोतवालाला पटण्यासारखा आहे. माझ्या मते दोन्ही कथने खरी आहेत, आणि ती एकाच वेळी खरी असणे हेच या प्रकरणाचे मर्म आहे. सोव्हिएत राज्यात सभागृह सरकारचे, कागद सरकारचा, ध्वनिफीत सरकारी कारखान्यातली आणि पगारही सरकारचाच. राजसत्तेच्या बाहेर उभे राहून गावे अशी जागाच तेथे शिल्लक नव्हती. जे गाणे पुढे त्या राज्याच्या अखेरीचे गाणे म्हणून ओळखले गेले, ते वाढले सरकारच्याच इमारतींच्या फटींत, सरकारी बॉयलरच्या उबेत, आणि पुष्कळदा सरकारी कारकुनांच्या मूक संमतीने.

याची पूर्वपीठिका जुनी आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर याच शहरात निषिद्ध गाण्यांच्या तबकड्या क्ष-किरणांच्या वापरलेल्या फिल्मवर कोरल्या जात. रुग्णालयांना बाद झालेल्या फिल्मची अडगळ नकोच असे. ती मिळवावयाची, कात्रीने गोल कापावयाची, पेटत्या सिगारेटने मधोमध भोक पाडावयाचे, आणि घरी जुळविलेल्या यंत्रावर मूळ तबकडीच्या खाचा तिच्यावर उतरवावयाच्या, असा तो उद्योग. कोणा अनामिकाच्या बरगड्या, कवटी किंवा मोडलेले मनगट उजेडात धरले की दिसे, आणि सुई टेकविली की त्यातून खरखरत अमेरिकन जाझ किंवा प्योत्र लेश्चेन्को यांच्यासारख्या निर्वासित रशियन गायकाचा आवाज निघे. अशी तबकडी एकाच बाजूने वाजे आणि थोड्याच दिवसांत झिजून निकामी होई. रुस्लान बोगोस्लोव्स्की आणि बोरिस ताइगिन हे या धंद्यातील अग्रणी. आपल्या गुप्त कारखान्याला त्यांनी ‘सोनेरी कुत्रा’ असे नाव दिले होते. १९५० साली ते पकडले गेले आणि स्टालिनच्या मृत्यूनंतरच्या माफीत सुटून आल्यावर पुन्हा तेच करू लागले. येथेही द्रव्य सरकारी दवाखान्याचेच होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

साठीच्या दशकात घरोघरी टेपरेकॉर्डर आले आणि हाडांवरच्या तबकड्या आपोआप मागे पडल्या. एकाने दुसऱ्यासाठी आणि दुसऱ्याने तिसऱ्यासाठी फीत उतरवून द्यावी, या साखळीतून बुलात ओकुद्झावा आणि व्लादिमीर व्हिसोत्स्की यांची गाणी कोणत्याही कारखान्याच्या मेहेरनजरेवाचून अकरा कालप्रदेशांच्या त्या देशभर पोहोचली. पाश्चात्त्य संगीत बंदरात उतरणाऱ्या खलाशांच्या सामानातून आणि लघुलहरींवरून येई. १९७७ पासून बीबीसीच्या रशियन सेवेवर सेवा नोवगोरोद्सेव हे लेनिनग्राड सोडून लंडनला गेलेले सॅक्सोफोनवादक रॉक संगीताचा कार्यक्रम सादर करू लागले, आणि त्यांच्या थट्टेखोर निवेदनाला श्रोत्यांचा मोठा वर्ग लाभला. त्याच वर्षी शहरात ‘रॉक्सी’ नावाचे टंकलिखित नियतकालिक निघाले. नेव्हस्की आणि व्लादिमिर्स्की या हमरस्त्यांच्या कोपऱ्यावर ‘सायगॉन’ या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या कॉफीगृहात कवी, चित्रकार, गायक आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे असे सर्वजण एकाच काउंटरशी उभे राहून कॉफी पीत.

सरकारला गिटारींचे वावडे होते असे मात्र नाही. फिलहार्मोनिक संस्थांच्या पगारपत्रकावर नोंदलेले अधिकृत वाद्यवृंद होतेच. त्यांचे केस, कपडे आणि कार्यक्रम ठरलेले असत, आणि गाणी प्रामुख्याने संगीतकार संघाच्या सभासदांची. ज्यांना स्वतःची गाणी स्वतः लिहून गावयाची होती त्यांना हौशी म्हणून राहणे भाग होते, आणि हौशी माणसाने गाण्याचे पैसे घेणे हा गुन्हा. बरे, पैसे न घेता नुसते गात राहावे तर दुसरा कायदा आडवा येई. नोकरी न करता राहणारा मनुष्य त्या राज्यात ‘परोपजीवी’ ठरून शिक्षेस पात्र होई. १९६४ साली याच शहरात कवी जोसेफ ब्रॉड्स्की यांच्यावर याच आरोपाखाली खटला होऊन त्यांना पाच वर्षांची हद्दपारी सुनावण्यात आली होती, आणि तो खटला कोणी विसरले नव्हते. तेव्हा नोकरीचा दाखला तर हवा, पण नोकरीने दिवस तर खाऊ नये, अशा पेचातून लेनिनग्राडच्या तरुणांनी जी वाट काढली ती त्या पिढीची ओळखच होऊन बसली. ते रात्रीचे पहारेकरी झाले, झाडूवाले झाले, बॉयलर राखणारे झाले. चोवीस तासांची एक पाळी केली की पुढचे दोन-तीन दिवस मोकळे. पाळीतही कोळसा टाकून झाल्यावर कोणी विचारणारा नाही. खोली उबदार, भिंती जाड आणि वरिष्ठ अधिकारी तळघरात उतरण्यास नाखूश. राज्याने आळशांना कामाला जुंपण्यासाठी कायदा केला आणि त्या कायद्यानेच कवींना सरकारी खर्चाने फुरसत मिळवून दिली.

बोरिस ग्रेबेन्शिकोव या वाटेवर ढकलले गेले ते तिब्लिसी येथील उत्सवामुळे. विद्यापीठात उपयोजित गणित शिकलेला आणि समाजशास्त्रीय संशोधन संस्थेत नोकरी करणारा हा गृहस्थ १९७२ पासून ‘अक्वारियम’ नावाचा वृंद चालवीत होता. १९८० च्या मार्चमध्ये जॉर्जियाच्या राजधानीत रॉक संगीताचा मोठा उत्सव अधिकृतपणे भरला, आणि देशभरातले वृंद तेथे गोळा झाले. मॉस्कोच्या ‘माशिना व्रेमेनी’ने पारितोषिक मिळविले आणि तो वृंद त्याच सुमारास सरकारी रंगमंचावर रीतसर दाखल झाला. ग्रेबेन्शिकोव यांनी मात्र रंगमंचावर आडवे पडून गिटार वाजविली. परीक्षक मंडळ निषेधार्थ सभागृहातून उठून गेले. ही वार्ता लेनिनग्राडला त्यांच्या आधी पोहोचली. कोम्सोमोल या पक्षाच्या युवक संघटनेतून नाव कमी झाले, संशोधन संस्थेतील जागा गेली, आणि गणितज्ञाचा पहारेकरी झाला. व्यवहारदृष्ट्या हा अधःपात खरा. पण आता हिरावून घेण्याजोगे त्यांच्यापाशी काही उरले नव्हते, आणि ‘अक्वारियम’चे सर्वाधिक फलदायी पर्व नेमके येथून सुरू होते.

रॉक क्लबात नाव नोंदविले की गाण्याची मुभा मिळे, पण प्रत्येक गाण्याचे शब्द आधी टंकलिखित करून दाखल करावे लागत, आणि ते तपासून कागदावर मोहोर उठल्याशिवाय ते गाणे रंगमंचावर येत नसे. महाराष्ट्रात नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे धाडून प्रमाणपत्राची वाट पाहणाऱ्या नाट्यसंस्थांना हा शिरस्ता परका वाटू नये. फरक इतकाच की तेथे मोहोर नाकारल्यास न्यायालयाची पायरी चढण्याची सोय नव्हती. या तपासणीची कामगिरी बराच काळ नीना बारानोव्स्काया या बाईंकडे होती, आणि क्लबाच्या आठवणी सांगणाऱ्यांपैकी अनेकांनी त्यांचा उल्लेख वैऱ्याप्रमाणे केलेला नाही, हे लक्षणीय आहे. तपासनीसच जेथे गाण्यांची चाहती होते, तेथे शब्दांच्या फेरफारावर दोन्ही बाजूंनी घासाघीस होऊन गाणे बहुधा पार पडते. ‘स्त्रान्निये इग्री’ या चपळ, विनोदी, स्का वळणाच्या वृंदाने तर रशियनमध्ये अनुवादित झालेल्या फ्रेंच कवींच्या कवितांनाच चाली लावल्या. सरकारी प्रकाशनगृहाने स्वतः छापलेल्या कवितेला कोणता तपासनीस हरकत घेणार? आणि १९८४ च्या क्लब-महोत्सवात आपले घर अण्वस्त्रमुक्त प्रदेश असल्याचे जाहीर करणाऱ्या व्हिक्टर त्सोई यांच्या गाण्याला उत्कृष्ट युद्धविरोधी गीताचा मान मिळाला. शांततेचा सरकारी प्रचार तेव्हा जोरात होता. एका तरुणाने आपल्या घराच्या उंबरठ्यावर सरकारची हद्द संपविली आहे, असाही त्या गाण्याचा अर्थ होतो, हे परीक्षकांच्या ध्यानात आले नसेल, किंवा आले असूनही त्यांनी डोळेझाक केली असेल.

या सगळ्या फटींतली सर्वांत विलक्षण फट आंद्रेई त्रोपिल्लो यांची. शहराच्या ओख्ता भागात ‘युवा तंत्रज्ञांचे गृह’ म्हणून एक संस्था होती. शाळकरी मुलांनी तेथे यावे, विमानांच्या प्रतिकृती कराव्या, रेडिओ जोडावे, हा तिचा उद्देश. त्रोपिल्लो तेथे ध्वनिमुद्रणाचा वर्ग चालवीत. वर्ग खरा होता, मुले खरी होती, पगार खरा होता. आणि मुले घरी गेल्यावर त्याच खोलीत, ‘मेलोदिया’ या सरकारी ध्वनिमुद्रिका कंपनीने बाद ठरविलेल्या यंत्रांची डागडुजी करून, ते ज्यांना ‘मेलोदिया’ने कधी दारात उभे केले नसते त्यांची गाणी मुद्रित करीत. १९८१ साली ‘अक्वारियम’चा ‘निळा संच’ आणि ‘त्रिकोण’, १९८२ साली त्सोई यांच्या ‘किनो’चा पहिला संच, १९८३ साली ‘अक्वारियम’चा ‘रेडिओ आफ्रिका’ आणि मायक नाउमेंको यांच्या ‘झूपार्क’चा ‘जिल्ह्याचे गाव न’, असा एकामागून एक ऐवज त्या शाळकरी खोलीतून बाहेर पडला. ‘रेडिओ आफ्रिका’साठी तर ‘मेलोदिया’चीच फिरती ध्वनिमुद्रण गाडी भाड्याने मिळविण्यापर्यंत या गृहस्थांची मजल गेली.

तयार झालेला संच बाजारात कसा येई? तो बाजारात येत नसेच. मूळ फितीवरून काही प्रती काढल्या जात. आंद्रेई उसोव यांनी काढलेली छायाचित्रे छापून पुठ्ठ्याच्या डब्यांवर हातांनी डकवली जात. मागे गाण्यांची नावे आणि वादकांची नावे. पाश्चात्त्य तबकडीला जशी मुखपृष्ठाची शोभा असते तशी ती या फितीलाही असलीच पाहिजे, हा त्या मंडळींचा हट्ट होता, आणि तो वरवर दिसतो तितका बालिश नव्हता. घरातल्या पार्टीत कोणी सहज टिपलेले गाणे आणि क्रम, आरंभ, शेवट, मुखपृष्ठ असलेली कृती यांत जे अंतर आहे ते त्यांना ओलांडावयाचे होते. हे डबे ओळखीच्या ओळखीने इतर शहरांत जात, तेथे त्यांच्या पुढच्या प्रती निघत, आणि नातवंडा-पतवंडा प्रतीत खरखर वाढत जाऊन शब्द अंदाजाने ऐकावे लागत. किती प्रती निघाल्या हे त्रोपिल्लो यांनाही सांगता आले नसते.

‘किनो’च्या त्या पहिल्या संचाचे नाव केवळ ‘४५’ असे पडले, कारण तो सुमारे पंचेचाळीस मिनिटांचा होता. वृंदाचा तालवादक सैन्यात गेला होता. ‘अक्वारियम’ची मंडळी मदतीला आली आणि काही ठिकाणी यंत्राचा ठोका वापरून वेळ भागविली. तेव्हा त्सोई वीस वर्षांचे होते. वडील कोरियन वंशाचे अभियंता, आई व्यायामशिक्षिका. त्यांच्या गाण्यात थोरामोठ्यांची रूपके नाहीत. उपनगरी गाडी, दारातली झाडे, खिशातले सिगारेटचे पाकीट, रिकामी संध्याकाळ, एवढ्यावर ते गाणे उभे राहते. त्याच काळात इंग्लंडात ‘न्यू वेव्ह’ म्हणून जे आखूड, कोरडे, यांत्रिक ठोक्याचे संगीत पुढे आले होते त्याची ओढ या मंडळींना लागली, यात अनुकरणाचा भाग होताच. पण मला असे वाटते की सत्तरीतल्या भरजरी, लांबलचक रॉक संगीताला जी वाद्ये, जे ध्वनिक्षेपक आणि जो वेळ लागतो, तो ओख्ताच्या खोलीत मिळणे शक्य नव्हते. उलट एक गिटार, एक स्वस्त यंत्र आणि सपाट आवाज एवढ्यात बसणारे नवे वळण हे तेथल्या दारिद्र्याला शोभून दिसणारे होते. गरज आणि रुची यांची अशी गाठ पडली की शैली जन्मते.

येथवर वाचून कोणास वाटेल की सरकार निद्रिस्त होते. तसे नव्हते. १९८३ च्या जूनमध्ये पक्षाच्या मध्यवर्ती समितीच्या अधिवेशनात पक्षाचे ज्येष्ठ नेते चेर्नेन्को यांनी विचारसरणीच्या प्रश्नावर जो अहवाल मांडला त्यात संदिग्ध कार्यक्रम करणाऱ्या वाद्यवृंदांचाही समाचार घेतला होता, आणि त्यानंतरची दोन वर्षे कठीण गेली. अधिकृत वृंदांच्या कार्यक्रमातील ८० टक्के गाणी संगीतकार संघाच्या सभासदांचीच असली पाहिजेत, असे फर्मान निघाले. कोणत्या वृंदांना सभागृह देऊ नये याच्या याद्या शहरोशहरी फिरल्या. मॉस्कोत ‘वोस्क्रेसेनिये’चे अलेक्सेय रोमानोव यांना बेकायदा धंद्याच्या आरोपाखाली अनेक महिने अटकेत काढावे लागले. ‘ब्रावो’ची झान्ना अगुझारोवा ही गायिका १९८४ च्या मार्चमध्ये एका मैफलीतून उचलली गेली, तेव्हा तिच्यापाशी इव्होना अँडर्स या परकीय वाटणाऱ्या नावाचे बनावट ओळखपत्र सापडले, आणि तुरुंग आणि मनोरुग्णांची तपासणी संस्था यांतून तिची वरात राजधानीबाहेर निघाली. सायबेरियातील ओम्स्क शहरी येगोर लेतोव या तरुणाला १९८५ च्या डिसेंबरात सक्तीने मनोरुग्णालयात डांबण्यात आले आणि पुढल्या मार्चमध्ये सोडण्यात आले. बाहेर आल्यावर त्याने आपल्या राहत्या घरातच मुद्रण करून जे कर्कश, संतप्त संगीत निर्माण केले त्यात लेनिनग्राडचा सौम्य उपरोध औषधालाही नाही. ओम्स्कला रुबिनस्टाइन मार्ग नव्हता, हे त्याचे एक कारण मानावे लागते. जेथे कारकुनाशी घासाघीस करण्याची सोय होती तेथे गाणे चतुर झाले. जेथे समोर फक्त डॉक्टर आणि पोलीस होते तेथे ते किंचाळले.

मुंबईत त्या काळी लोकवाङ्मय गृहाच्या दुकानात रशियन पुस्तकांची मराठी भाषांतरे अल्प किमतीत मिळत, आणि आपल्याकडल्या पुष्कळ वाचकांचा रशिया त्या गुळगुळीत पानांतून घडला. त्या रशियात ट्रॅक्टर होते, बर्फ होते, धीरोदात्त आजोबा होते. ओख्ताची खोली त्यात असण्याचे कारण नव्हते.

१९८५ च्या मार्चमध्ये गोर्बाचेव सत्तेवर आले. वरचा वारा बदलला तरी खालच्या दप्तरांना तो कळावयास वेळ लागतो. तो वेळ कमी झाला दोन निमित्तांनी. पहिले म्हणजे चेर्नोबिल. १९८६ च्या एप्रिलमधील त्या अपघातानंतर ३० मे रोजी मॉस्कोच्या ओलिम्पिस्की क्रीडागृहात साहाय्यनिधीसाठी जलसा झाला. लोकप्रिय गायिका आला पुगाचोवा यांच्याबरोबर रॉक वृंदही मंचावर आले, आणि कालपरवापर्यंत याद्यांत असलेले ‘ब्रावो’ त्यांत होते. दुसरे निमित्त जोआना स्टिंग्रे या अमेरिकन तरुणीचे. १९८४ पासून ती पर्यटक म्हणून लेनिनग्राडला येत-जात होती. वृंदांशी तिची दोस्ती जमली, जाताना ती सामानात ध्वनिफिती दडवून नेई आणि येताना वाद्ये आणी. १९८६ च्या जूनअखेरीस तिने अमेरिकेत ‘रेड वेव्ह’ नावाने दोन तबकड्यांचा संच काढला. चार बाजू, चार वृंद: ‘अक्वारियम’, ‘किनो’, ‘अलिसा’ आणि ‘स्त्रान्निये इग्री’. सोव्हिएत कलाकारांच्या तबकड्या परदेशात निघतात आणि स्वदेशात निघत नाहीत, ही गोष्ट नव्या राजवटीला शोभण्यासारखी नव्हती. पुढल्याच वर्षी ‘मेलोदिया’ने ‘अक्वारियम’ची तबकडी बाजारात आणली, तिच्यातली गाणी निवडली होती ती त्रोपिल्लो यांच्या खोलीत मुद्रित झालेल्या फितींतूनच. सरकारने जी यंत्रे बाद केली होती त्यांवर जे निपजले तेच आता सरकारी शिक्क्यानिशी विकले जाऊ लागले.

क्लबात मोहोरेची घटकाही भरत आली होती. १९८६ च्या महोत्सवात ‘तेलेविझोर’ या वृंदाचे मिखाइल बोर्झिकिन यांनी तपासणीस न दिलेली गाणी थेट मंचावर गायिली. शिक्षा म्हणून काही महिने गाण्यास बंदी झाली. पण शिक्षा एवढीच झाली ही बातमी बंदीपेक्षा मोठी होती. पुढल्या वर्षी त्यांनी आणखी तिखट गाणी आणली. त्याच १९८६ च्या महोत्सवात ‘किनो’ने ते गाणे गायिले जे पुढे साऱ्या देशाने ‘बदल हवा’ या अर्थाने तोंडपाठ केले. आपण राजकीय गाणे लिहिलेले नाही, असे त्सोई सांगत राहिले. ते खरेही असावे. त्या शरद ऋतूत ते पेत्रोग्राड भागात, ब्लोखिन मार्गावरील १५ क्रमांकाच्या घराच्या तळघरात बॉयलर राखण्याच्या नोकरीस लागले. ‘कामचात्का’ म्हणून ती जागा प्रसिद्ध आहे. अलेक्सेय उचितेल यांच्या ‘रॉक’ या माहितीपटात ते तेथे दिसतात: उघड्या भट्टीच्या लाल तोंडाशी उभे, हातात फावडे, आणि कोळसा आत लोटण्याची ती सराईत, न थांबणारी लय. एका कथाचित्रपटात काम केल्यावरही ती नोकरी काही काळ चालूच होती.

तो चित्रपट म्हणजे सेर्गेय सोलोव्योव यांचा ‘अस्सा’. १९८८ मध्ये तो लोकांसमोर आला. त्याचा शेवट मला या साऱ्या इतिहासाचा सर्वांत अचूक दस्तऐवज वाटतो. हिवाळ्यातल्या याल्टा शहरी एका उपाहारगृहात गायकाच्या जागेसाठी त्सोई येतात. व्यवस्थापिका बाई टेबलाशी बसून त्यांचे शिक्षण, वास्तव्याचा दाखला यांची चौकशी करतात आणि मग नियमावली वाचू लागतात: कलावंताने काय करावे, काय करू नये, कोणत्या दाराने यावे. वाचन चालू असतानाच गायक उठतो, दालने ओलांडतो, मंचावर चढतो, आणि गाणे सुरू होते. बाई अद्याप वाचीतच आहेत. पडद्यावरचे उपाहारगृह नाहीसे होऊन तेथे अंधारात हजारो पेटत्या काड्यांचा जनसागर उभा राहतो.

त्यानंतरची तीन वर्षे यशाची होती आणि, ज्यांनी ती तळघरे भोगली त्यांच्या दृष्टीने, पांगापांगीचीही. स्वेर्दलोव्स्कचा ‘नाउटिलुस पोंपिलियुस’ मोठमोठी क्रीडागृहे भरवू लागला. त्याचे गीतकार इल्या कोर्मिल्त्सेव यांनी १९८९ मध्ये लेनिन कोम्सोमोल पारितोषिक नाकारले. मॉस्कोच्या ‘झ्वुकी मू’चा संच इंग्लंडच्या ब्रायन ईनो यांनी मुद्रित केला. ग्रेबेन्शिकोव यांनी पश्चिमेत जाऊन इंग्रजी तबकडी काढली. ती कोठेच फारशी रुजली नाही, आणि त्यात नवल नाही, कारण त्यांची जादू रशियन शब्दांच्या सावल्यांत होती. चेरेपोवेत्सहून आलेले कवी-गायक अलेक्सांद्र बाश्लाचोव १९८८ च्या फेब्रुवारीत लेनिनग्राडमध्ये खिडकीतून पडून गेले, वय सत्तावीस. सहकारी संस्थांना धंद्याची परवानगी मिळताच मैफलींचे ठेकेदार उगवले आणि बिनपैशाच्या क्लबात गाण्यास कोणाला सवड राहिली नाही. शब्दांची तपासणी संपली तशी शब्दांकडे कान लावून बसण्याची सवयही सुटू लागली. सरकारने आपले हात काढून घेतले तेव्हा आपण टेकलो होतो ती भिंतही त्याच हातांची होती, हे अनेकांच्या उशिरा लक्षात आले.

१९९० च्या जूनच्या २४ तारखेस ‘किनो’ने मॉस्कोच्या लुझनिकी क्रीडांगणावर गायिले, निमित्त होते कोम्सोमोलच्याच शहरी वृत्तपत्राच्या उत्सवाचे. १५ ऑगस्ट रोजी लाटव्हियात स्लोका ते ताल्सी रस्त्यावर त्सोई यांची मोस्कविच गाडी समोरून येणाऱ्या इकारुस बसवर आदळली. लेनिनग्राडच्या बोगोस्लोव्स्की स्मशानात त्यांचे दफन झाले. पुढल्या ऑगस्टात मॉस्कोत बंडाचा बेत फसला, अडथळ्यांच्या रांगांपाशी रॉक वृंदांचा जलसा झाला. त्याच आठवड्याच्या मागोमाग, २७ ऑगस्टला, मायक नाउमेंको वारले, आणि सप्टेंबरात लेनिनग्राडचे जुने नाव सेंट पीटर्सबर्ग परत आले. लेनिनग्राडचे संगीतकार सेर्गेय कुर्योखिन यांनी त्याच वर्षी दूरदर्शनवर बसून, अत्यंत गंभीर मुद्रेने आणि पुराव्यांची चळत मांडून, लेनिन हा वस्तुतः एक भूछत्र होता असे सिद्ध करून दाखविले. कित्येकांनी ते खरे मानले. त्रोपिल्लो १९८९ पासून ‘मेलोदिया’च्या लेनिनग्राड शाखेचे प्रमुख होते. त्या गादीवरून त्यांनी जुन्या फिती तबकड्यांवर आणल्या, आणि कोणाची परवानगी न घेता बीटल्सच्या तबकड्याही, मुखपृष्ठांत मनाजोगते फेरफार करून, छापल्या. बरगड्यांवर कोरल्या जाणाऱ्या संगीताचा वारसा असा सरकारी छापखान्यात पोहोचला.

क्लब नव्वदीच्या आरंभीच निष्प्राण झाला. ब्लोखिन मार्गावरचे तळघर आता संग्रहालय आहे. २०२० च्या ऑगस्टात मिन्स्क शहरी सरकारनेच भरविलेल्या एका कार्यक्रमात दोन ध्वनितंत्रज्ञांनी ‘किनो’चे ते बदलाचे गाणे लावले आणि दोघांनाही दहा दिवसांची कैद झाली. ‘डीडीटी’ या रॉक वृंदाचे युरी शेव्चुक यांना २०२२ मध्ये आपल्या उफा या गावी मंचावरून युद्धाविरुद्ध बोलल्याबद्दल ५०,००० रुबल दंड झाला. २०२३ च्या जूनमध्ये रशियाच्या न्यायखात्याने ग्रेबेन्शिकोव यांचे नाव ‘परकीय हस्तकां’च्या यादीत दाखल केले. त्या कायद्यान्वये मनुष्याने आपण त्या यादीत असल्याचे आपल्या प्रत्येक प्रकाशित मजकुरावर स्वतःच नमूद करावयाचे असते.